वरमाईच्या ओढणीला लाल काठ

आजवर मी एकदाच वरमाय झाले, आणि तो मुलगा माझा नव्हता.

मला दोन मुली. दोघींची लग्नं थाटात झाली, पण दोन्ही लग्नांत मी मुलीची आई. मुलीच्या आईच्या वाट्याला काय येतं? आठ दिवस धावायचं, विहीणबाईंना दर अर्ध्या तासानं "चहा झाला ना?" विचारायचं, आणि ऐन अक्षता पडायच्या वेळी मांडवाकडे पाठ करून तुळशीला पाणी घालत उभं राहायचं, कारण मुलीच्या आईनं लग्न बघायचं नसतं! दोन लेकींची लग्नं मी फक्त ऐकली. तिकडे विहीणबाई पैठणी नेसून पहिल्या खुर्चीत. धाकटीच्या लग्नात तर तुळशीला इतकं पाणी घातलं की ती आठवडाभरात गेली. तेव्हाच मी मनात म्हटलं, एकदा, आयुष्यात फक्त एकदा, मला त्या खुर्चीत बसायचंय.

संधी आली ती ओमानमध्ये. तेव्हा मी अवघी चौपन्न वर्षांची होते. (म्हणजे अक्कल यायची होती.)

आमचे हे सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात देखभालीचं काम बघायचे आणि आम्ही जवळच्याच सहम गावात राहायचो. यांच्याच खात्यात आंद्रेस नावाचा स्पेनचा इंजिनीअर होता. सव्वासहा फूट उंच, तिशीतला, आणि कायम भुकेला. पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा त्यानं सात थालीपिठं खाल्ली आणि आठव्याच्या वेळी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गेला! पण तो चवीनं खात होता. मग दर गुरुवारी येऊ लागला. यांनी त्याला "आई" हा शब्द शिकवला आणि मी "अजून" हा. या दोन शब्दांवर त्यानं आमच्याकडे तीन वर्षं काढली.

बाकीचं आमचं बोलणं इंग्रजीत. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे दोघांनाही एकमेकांचं उत्तम कळायचं.

एका गुरुवारी त्यानं पाचव्याच थालीपिठाला हात थांबवला.

"आई, लग्न ठरलं." मुलगी लूसिया, त्याच्याच गावाकडची, मस्कतला एका शाळेत शिकवायची.

"अरे वा! मग तोंड का पडलंय?"

"आमच्याकडे नवरा चर्चमध्ये एकटा जात नाही. त्याची आई त्याचा हात धरून नेते आणि लग्न संपेपर्यंत शेजारी उभी राहते. तिला माद्रिना म्हणतात. माझ्या आईचं कमरेचं हाड मोडलंय. डॉक्टर तिला पलंगावरून उठू देत नाहीत, विमान तर लांबच." त्यानं ताटातला तुकडा इकडून तिकडे सरकवला. "तुम्ही याल?"

माझ्या कानात सनई वाजायला लागली.

"शेजारी उभं राहायचं? अगदी समोर? पाठ न करता?"

"पाठ कशाला करायची?"

"आणि वरमाईचे पाय कोण धुतं?"

"पाय?"

"राहू दे. पाय मी घरूनच धुऊन येईन."

"आंद्रेस," हे ताटावरून मान वर न करता म्हणाले, "नीट विचार कर. अजून वेळ गेलेली नाही."

पण वेळ गेली होती. मी हो म्हटलं होतं, एकदा नाही, चारदा.

पंधरा दिवसांनी त्याच्या आईकडून पार्सल आलं. माद्रिनाचा पोशाख! मी हात धुऊन, देवापुढे ठेवून मग उघडलं. आधी निघाला एक कंगवा. वीतभर उंच, तपकिरी, नक्षीचा, केस विंचरायचा नव्हे, डोक्यावर उभा करायचा. त्याखाली पातळ कागदात गुंडाळलेली, कंगव्यावरून सोडायची लेसची ओढणी. उलगडली आणि मी किंचाळले.

"अहो! काळी!"

"दिसतंय."

"लग्नात काळं? वरमाय काळ्यात?"

"संक्रांत समज."

"संक्रांत होऊन महिना झाला!"

"मग पुढच्या वर्षीची समज."

या माणसाशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी आंद्रेसला फोन लावला. "बाळा, ओढणी छानच आहे. पण यात हिरवा रंग नाही का मिळत?"

मग तो जपून बोलला, "आई, ती माझ्या पणजीची आहे. हातानं विणलेली. आमच्या घरातली प्रत्येक वरमाय तीच घालते. माझ्यासाठी आई घालणार होती. घडी घालताना ती रडत होती."

"काळी आहे म्हणून?"

"नाही आई. स्वतःला येता येत नाही म्हणून."

आता कुणाही शहाण्या बाईनं इथं गप्प बसून, ओढणी जपून कपाटात ठेवली असती. मला मात्र त्या पलंगावर पडलेल्या माउलीचा इतका कळवळा आला की तिच्यासाठी काहीतरी करायलाच हवं, असं मी ठरवलं. तिला बिचारीला ठाऊकच नव्हतं, की आपण लेकाच्या डोक्यावर काय अपशकुन पाठवतोय. आणि यावर आपल्याकडे इलाज आहे! चंद्रकळा काळीच असते, पण तिला लाल काठ असला की ती मंगल होते. (हे शास्त्र कुठे लिहिलंय म्हणून विचारू नका. त्या क्षणी ते मीच लिहिलं.)

काठासाठी थेट मस्कतची रुवी बाजारपेठ गाठली. सहमला काठ मिळत होते, पण कोयऱ्यांचे नव्हते.

"दोनशे किलोमीटर!" हे गाडी चालवता चालवता म्हणत होते. "पाच मीटर काठासाठी दोनशे किलोमीटर!"

"परतीचे धरून चारशे," मी सांगितलं. हिशेब बरोबर हवा.

लालभडक, दोन बोटं रुंद, जरीच्या कोयऱ्यांचा काठ मिळाला. तो आणि ओढणी घेऊन मी आमच्या बिल्डिंगखालच्या तय्यबचाचांकडे गेले. चाचा रत्नागिरीकडचे, वीस वर्षं सहममध्ये शिवणकाम करणारे. त्यांनी ओढणी दोन बोटांत धरून दिव्यापुढे केली आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांना मांजराला अंगरखा शिवायला सांगितलाय.

"वैनी, ह्ये कापड न्हाय. ह्ये जाळं हाय."

"काठ तेवढा लावायचाय, चाचा."

"सुई घातली का फाटल. ज्याची हाय त्याला इचारलाव काय?"

"त्याची आई आजारी आहे. तिला कशाला त्रास?"

"मंग मलाव कशाला त्रास?" म्हणून त्यांनी ओढणी घडी घालून माझ्या हातात दिली. "न्या वैनी. खलास. ह्यो गुना माज्या हातान व्हायाचा न्हाय."

मला रागच आला. शाळेत असताना भरतकामात माझा पहिला नंबर होता. (वर्गात शिवणाला आम्ही चौघीच होतो, पण नंबर तो नंबर.) मी दोन दुपारी बसून तो काठ स्वतः लावला. जाळी फाटू नये म्हणून टाके जरा ऐसपैस घातले. एखादा टाका इतका ऐसपैस झाला की त्यातून माझी करंगळी जायची. पण लांबून पाहिलं तर काय दिसत होतं! काळ्यावर लाल, लालावर जर! मी आंद्रेसला मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, लग्नाच्या दिवशीच बघून हरखून जाईल.

लग्न शुक्रवारी सकाळी होतं, सोहारच्या चर्चमध्ये. शुक्रवार सुट्टीचा, त्यामुळे त्या दिवशी तिथं एकामागून एक निरनिराळ्या भाषांच्या प्रार्थना. आमच्यानंतर अकरा वाजता मल्याळी मंडळींची. फादरांनी आधीच बजावलं होतं, अकराच्या आत सगळं आटपलंच पाहिजे, दाराबाहेर दोनशे माणसं उभी असतात.

सकाळी आंबाड्यात गंगावन घातलं, त्यात कंगवा रोवला, त्यावरून ओढणी सोडली. आरशात पाहिलं तर मी एकदम पाच फूट झाले होते! गाडीत बसले तेव्हा कंगवा टपाला लागला, म्हणून सहमपासून सोहारपर्यंत गुडघ्यांत मान घालून गेले. यांना सगळ्या वाटेत शिट्टी वाजवायची लहर आली होती.

आंद्रेस दारातच उभा होता. काळा कोट, खिशाला पांढरं फूल, चेहरा कागदासारखा. मी गाडीतून उतरून सरळ झाले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग ओढणीकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"आई... लाल?"

"मंगल!" मी म्हटलं.

"मंगल," तो पुटपुटला. काठाला बोट लावत त्यानं विचारलं, "हे निघतं?"

"छे! पक्कं शिवलंय. तुला नाही आवडलं?"

"मला आवडलं, आई. पण माझी आई बघतेय."

"कुठून?"

त्यानं आत बोट दाखवलं. पहिल्या बाकावर, जिथं माझ्या हिशेबानं मी बसणार होते, तिथं एक लॅपटॉप ठेवला होता. नेटची काहीतरी खटपट करून त्याच्या मित्रांनी थेट गावाशी जोडून दिलं होतं. पडद्यावर उशांना टेकलेली, पांढऱ्या केसांची, मोत्यांच्या कुड्या घातलेली एक बाई होती. पिलारबाई. चष्मा लावून वाट बघत होत्या. लेकाची, आणि आपल्या ओढणीची!

तोवर मला हे सुचलंच नव्हतं, की ती ओढणी जिची आहे तिला डोळेही आहेत.

"आंद्रेस, लॅपटॉप जरा तिकडे वळव ना. भिंतीकडे."

तेवढ्यात पेटी वाजायला लागली. आता चालायलाच हवं होतं! मी घाईघाईनं काठ गोळा केला, निऱ्यांसारखा चुणला आणि त्याच्या काखेखाली खुपसून दिला, वर त्याचा हात घट्ट दाबून धरला. दिसायला फक्त काळी ओढणी. शाबास, मी स्वतःला म्हटलं. अशी चालले की जणू आम्ही सात पिढ्या स्पेनमध्ये वरमायाच होत आलोय. लॅपटॉपसमोरून जाताना मी तर हसून मानसुद्धा लववली. पिलारबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

ठरलं होतं ते असं: वेदीपाशी पोचल्यावर मी त्याच्या डावीकडून उजव्या बाजूला जायचं, कारण डावीकडची जागा नवरीची. पोचलो. मी निघाले. निघाले म्हणजे, एक पाऊल टाकलं, आणि डोक्यावरचा कंगवा मागे गेला. वळून पाहते तर माझा एक ऐसपैस टाका त्याच्या कोटाच्या बटणात अडकलेला, आणि त्यावर जरीनं दोन वेढे घेतलेले!

"आई, सोडा."

"सोडलंय रे! तू सोड!"

लूसिया वडिलांचा हात धरून पांढऱ्याशुभ्र पोशाखात येऊन पोचली. तिच्या जागेवर मी. वडिलांनी तिचा हात पुढे केला, आणि सवयीनं मीच तो हातात घेतला!

"माद्रिना," फादर मायेनं म्हणाले, "एक पाऊल उजवीकडे, प्लीज."

मी एक पाऊल उजवीकडे गेले. आंद्रेसही आला.

"फक्त माद्रिना."

मी पुन्हा सरकले. आंद्रेसही पुन्हा आला. आता नवरी एकीकडे आणि आम्ही दोघं खिडकीपाशी. मागून यांचा आवाज आला, भर चर्चमध्ये, शुद्ध मराठीत: "ओढू नकोस! फाटेल!"

मराठी कुणाला कळत नव्हतं, तरी सगळं चर्च पुढे झुकलं. गोळा केलेला काठ सुटून खाली लोंबायला लागला, लालभडक, कोयऱ्यांसकट, नेमका लॅपटॉपसमोर. पडद्यावर पिलारबाई इतक्या पुढे आल्या की फक्त एक डोळा आणि चष्म्याची काडी दिसत होती. मला वाटलं, आता ही बाई पलंगावरून पडणार आणि दुसरी बाजूही मोडून घेणार.

बाहेर अकराची मंडळी जमायला लागली होती. दाराच्या फटीतून कुजबूज ऐकू येत होती. फादरांनी घड्याळ बघितलं. कुणीतरी कात्री म्हटलं. कात्री! पणजीच्या ओढणीला! आंद्रेस पांढरा पडला. या मुलानं विश्वासानं आईच्या जागी मला उभं केलं, आणि मी त्याच्या आईची वस्तू तिच्याच डोळ्यांदेखत कापायची वेळ आणली होती. वरमाईचा मान, पहिली खुर्ची, सगळं मी विसरले. देवा, म्हटलं, (कुठल्या देवाला म्हटलं ते माहीत नाही, जवळ जो होता त्याला,) एवढी ओढणी वाचव.

आणि लॅपटॉप कडाडला. पिलारबाई! स्पॅनिशमध्ये, दोनच वाक्यं, पण अशा आवाजात की अकराची मंडळीही गप्प झाली.

"काय म्हणतात?" मी घाबरत विचारलं.

"म्हणते, ओढणीला हात लावायचा नाही," आंद्रेस म्हणाला. "म्हणते, गाढवा, कोट काढ."

इतकी माणसं, त्यांत दोन इंजिनीअर, एक फादर, आणि ही साधी गोष्ट पलंगावरच्या बाईला सुचली! आंद्रेसनं कोट काढला. पण कोट अजून ओढणीलाच होता. सोडला असता तर त्याच्या वजनानं जाळी फाटली असती. म्हणून तो मी उराशी धरला, तान्ह्या मुलासारखा, अगदी हनुवटीपर्यंत. कॉलर नाकाशी, फूल डोळ्यांत. नवरदेव सदऱ्यावर आणि वरमाय कोटात, असं लग्न सुरू झालं.

लग्न मला कितपत दिसलं? एक पांढरं फूल दिसलं. फार जवळून.

पुढे अंगठ्यांची वेळ आली. आंद्रेसनं छाती चाचपली. मग त्यानं सावकाश मान वळवली.

"आई, कोट."

अंगठ्या कोटाच्या आतल्या खिशात! मी पुढे झाले. एका हातानं कोट धरून दुसऱ्यानं खिसे उपसायला लागले. रुमाल निघाला. गाडीची किल्ली निघाली. मागच्या गुरुवारी मी वाटेसाठी दिलेली बडीशेपेची पुडी निघाली.

"आतल्या खिशात," तो कुजबुजला.

"कुठला आतला? तुझ्या कोटाला खिसेच किती रे!"

शेवटी लूसियानं फुलांचा गुच्छ वडिलांकडे दिला, माझ्यापाशी आली, कोटात हात घालून अंगठ्या काढल्या आणि जाता जाता केसांतला आकडा उपसून तो टाका बटणावरून अलगद उतरवला. अर्धं मिनिट लागलं! जाळीला ओरखडाही नाही.

"बाई गं," मी म्हटलं, "हे आधी नाही का करायचं?"

"मला वाटलं," ती गोड हसून म्हणाली, "हा तुमच्याकडचा विधी असेल."

अकराला पाच कमी असताना ते नवरा-बायको झाले. मल्याळी मंडळींनी दोन्ही बाजूंना उभं राहून आम्हाला वाट करून दिली आणि अंगणात तांदळाच्या मुठी उडाल्या. मी मात्र कुठं तोंड लपवावं ते शोधत होते. तेवढ्यात आंद्रेस लॅपटॉप घेऊन समोर आला. पिलारबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग बोलायला लागल्या. दोन मिनिटं, न थांबता, हातवारे करून.

"काय म्हणतात?"

"म्हणते, छान आहे."

"एवढ्याचं एवढंसंच?"

"बाकीचं," आंद्रेस म्हणाला, "मी या आईला सांगणार नाही."

घरी येऊन काठ उसवायला बसले तर जाळी ओढली जायला लागली. हात जोडले आणि ओढणी काठासकट परत पाठवली, सोबत माफीची चिठ्ठी. पुढे महिनाभर दाराची बेल वाजली की मी दार उघडायला यांनाच पाठवायचे.

आणि एक दिवस खरंच पार्सल आलं, तेही गुरुवारी, आंद्रेस आणि लूसिया जेवायला आले असताना. आत पातळ कागदात गुंडाळलेला माझा काठ! पाचही मीटर, उसवलेला, धुतलेला, कडक इस्त्री करून नीट घडी घातलेला. बरोबर चिठ्ठी. आंद्रेसनं वाचून दाखवली:

"बाई, तुमचा काठ परत पाठवते आहे. सुंदर आहे, म्हणून तुमच्याकडेच असावा. पलंगावर पडून कंटाळले होते, म्हटलं आठ दिवसांचं काम मिळालं. पण एका दुपारीच संपलं. एकही धागा तुटला नाही, त्याचं श्रेय तुमच्या शिंप्याला. आमच्याकडे बटाट्यांची पोतीसुद्धा याहून बारीक टाक्यांनी शिवतात. त्याला माझे आभार सांगा, आणि दुसरा धंदा बघ म्हणावं. माझ्या मुलाचा हात तुम्ही किती घट्ट धरला होता, ते मी पाहिलं. त्यापुढे ओढणीचं काय!"

मी पदर डोळ्यांना लावला. हे एकदम खोकायला लागले आणि पाणी प्यायला आत निघून गेले.

"पण आई," आंद्रेसनं चिठ्ठी मिटत विचारलं, "हा शिंपी कोण?"

"होता रे एक," मी त्याच्या ताटात थालीपीठ वाढत म्हटलं. "भरतकामात पहिला नंबर होता म्हणे त्याचा. पण परवाच सुई कायमची ठेवून दिली बिचाऱ्यानं."